दोन उजव्या बाह्या

सासूबाईंची मोठी कात्री ज्या सुनेकडे जाईल तिच्याकडे शिवणाच्या दुकानातलं सगळं बेतणं जाणार, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. सासूबाईंची नजर अधू झाली होती. थोरली अठरा वर्षं मशीनवर बसलेली, धाकटीला येऊन जेमतेम तीन. तरी गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "धाकट्या बाई आहेत का?"

धाकटी कापडावर तळहात ठेवून घटकाभर नुसती बसायची, मग एका दमात कापायची. थोरली आकडे पुटपुटत, तीन-तीनदा टेप लावत कापायची.

"बघा, कशी स्वस्थ बसलीय महाराणी," थोरली एकदा बोललीच.

सासरे जन्मभर शाळेत मास्तरकी केलेले, आता कोपऱ्यात बसून टाके उसवायचे. म्हणाले, "स्वस्थ म्हणजे रिकामटेकडं नव्हे गं. स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे राहणारा. जो आपल्यातच ठाण मांडून असतो, तो स्वस्थ."

"मग आम्ही काय भाड्यानं राहतो?"

सासरे हसले. धाकटीही हसली. तेच थोरलीला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मखमली कोटाचं काम आलं. कुणी काही म्हणायच्या आत थोरलीनं कापड ओढलं, त्यावर हात ठेवला, डोळे मिटून बसली आणि अवाक्षर न काढता कापून मोकळी झाली. जोडायला घेतल्यावर कळलं, दुसऱ्या बाहीसाठी कागदी नमुना उलटायचा राहिला होता. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच.

"ताई, उरलेल्यात एक बाही बसेल," धाकटी एवढंच म्हणाली. टोमणा मारला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

सासूबाईंनी बाह्या चाचपल्या. "अठरा वर्षांत तुझी बाही चुकली नाही. आज पुटपुटली नाहीस ना?"

"स्वस्थ बसले होते."

"तिच्यात जाऊन बसलीस. मग तुझ्या घरी कोण होतं?" त्यांनी आपली मोठी कात्री पुढे केली. "काप. मला ऐकू येईल असं पुटपुट."

थोरलीनं मोठ्यानं आकडे म्हणत बाही कापली, डावीच निघाली. कात्री परत द्यायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी आपला हात मागे घेतला.

बघायचं नाही असं ठरवूनही तिनं धाकटीकडे बघितलं. बटण लावणारी धाकटीची सुई मध्येच थांबली होती. थोरलीच्या जिवाला तीन वर्षांत पहिल्यांदाच गार वाटलं.