हवे येईल

मनगटावरचं घड्याळ कानाशी न्यायचं, ते चालू आहे ना याची खात्री करायची, मग सारसासारखी मान लांब करून कोपऱ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "हवे येईल."

नागरवाड्याच्या नाक्यावर आमच्या कंपनीची बस रोज अशी, आमच्याबरोबर कामाला असलेल्या काकांच्या शब्दावर यायची. एखाद्या दिवशी काका पोचायच्या आधीच ती निघून गेलेली असे. आमचा गुजराती फिटर स्कूटरवरून ओरडायचा, "काका, बस तो गई!"

"मग बीजी, दुसरी. हवे येईल."

तुम्ही बडोद्याचे नसाल तर इथेच अडखळाल, म्हणून सांगतो. गुजरातीत 'हवे' म्हणजे 'आता'. आमच्या मराठीत असे कितीतरी शब्द पाहुणे म्हणून आले आणि घरजावई होऊन राहिले. हा त्यांतला सगळ्यात लाडावलेला. काकांचा चहा हवे यायचा, पाऊस हवे यायचा, बढती हवे यायची. बढती यायच्या आत काका निवृत्त झाले, ही गोष्ट वेगळी.

काकू आधीच गेल्या होत्या. मुलगा कॅनडात. निवृत्तीच्या वर्षी त्याने तिकीट पाठवलं, 'बाबा, दिवाळीला या.' आम्ही काकांकडून सेव-उसळीची पार्टी उकळली. मांडवीच्या बाजारात जाऊन काकांनी घडीचा आकाशकंदील घेतला. "पोराच्या खिडकीत लावीन," म्हणाले. विमानतळावर निघताना त्यांनी इतक्या वेळा पासपोर्ट चाचपला की मी म्हटलं, "काका, त्याला गुदगुल्या होतील."

पण तो कंदील पोराच्या खिडकीत लागला नाही. पोराच्या खोलीत आणखी मुलं राहत होती आणि त्याची ड्यूटी दुसऱ्याच गावी लागली होती. त्याने काकांना आपल्या जुन्या घरमालकिणीकडे पोचवलं. नाशिकची बाई, नवरा तिकडेच इंजिनियर. काका तिला ताई म्हणायचे. वयाने ती त्यांच्या मुलीसारखी.

ताईने परक्या माणसाची दिवाळी अशी केली, की सख्ख्यांनी शिकावी. पहाटे उटणं. बाहेर बर्फ, आत तळण. चकली तेलात पडली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा, आणि तिचा नवरा स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालायचा. काका आम्हाला हा प्रसंग रुमालाने करून दाखवायचे.

खरी गंमत पंगतीत झाली. पोट भरल्यावर काका सवयीने म्हणाले, "हवे बस, ताई." हवे बस, म्हणजे आता पुरे. नाशिकच्या कानाला ऐकू आलं, हवे! ताईने आणखी दोन पुरणपोळ्या वाढल्या. "हवे नको!" काका कळवळून म्हणाले. ताईला वाटलं, लाजतात. तिने वर तूप ओतलं.

"बडोद्याची माणसं किती शुद्ध बोलतात," ती नवऱ्याला म्हणाली. "आपण हवं हवं करतो, हे बघ कसे स्वच्छ 'हवे' म्हणतात."

परत आल्यावर काकांनी हे सांगितलं तेव्हा आमचा फिटर हसता हसता बाकावरून खाली आला. "अरे, पण सांगायचं ना तिला!"

"काय सांगू?" काका म्हणाले. "ती एवढ्या मायेने वाढत होती. तिला व्याकरण कुठे शिकवू?"

आम्ही हसलो. मग मीच विचारलं, "आणि मुलगा?"

काकांनी घड्याळ कानाशी नेलं. लक्ष्मीपूजनाला मुलगा येणार होता. काका संध्याकाळभर नवा सदरा घालून, पायात बूट चढवून ताईच्या पुढच्या खिडकीत बसले, डोक्यावर टांगलेला मांडवीचा कंदील. ताई विचारायची, जेवून घेता का? काका म्हणायचे, "हवे येईल." शेवटी ताईने त्याला फोन लावून झापलं, "तुझे बाबा म्हणताहेत, यायला हवे! समजलं?"

मग भाऊबिजेला तो आला. ओवाळणीच्या ताटातली करंजी उभ्या उभ्या खाल्ली. दारात गाडी चालूच होती.

"तिकडे थंडीत गाडी बंद करत नाहीत," काका आम्हाला म्हणाले. "इंजिन गारठतं."

फिटर तोंड उघडणार होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

पुढच्या उन्हाळ्यात काका आजारी पडले. इस्पितळात आम्ही आळीपाळीने बसत असू. मुलाचा फोन यायचा, तिकीट बघतोय. काकांची मान दाराकडे वळलेली असायची, पण आता लांब होत नव्हती. घड्याळ नर्सने काढून ठेवलं होतं, तरी मनगट मधूनच कानाकडे जायचं. शेवटच्या दुपारी मीच होतो. ओठ हलले म्हणून वाकलो. "हवे," इतकंच म्हणाले. मी म्हटलं, "हो काका, येईल हवे." मुलगा आला तो तिसऱ्या दिवशी.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास ताई माहेरी नाशिकला आली होती. तिथून गाडी पकडून ती बडोद्याला आली, पत्ता विचारत नागरवाड्यात, आणि माझ्या घरी बसली. काकांच्या घराला कुलूप होतं. वर गच्च्यांवरून पतंग कापणारी पोरं 'काप्यो!' म्हणून ओरडत होती. तिने पिशवीतून चकल्यांचा डबा काढला, जरा वेळ हातात धरला, मग माझ्या पुढ्यात ठेवला.

"कंदील अजून खिडकीतच आहे आमच्या," ती म्हणाली. "काढवत नाही. शेवटी काही बोलले का हो?"

"एकच शब्द. हवे."

ताईने डोळ्यांना पदर लावला. "काय हवं होतं हो त्यांना? तुम्ही विचारलं नाहीत?"

माझं तोंड उघडलं होतं. 'अहो ताई, आमच्याकडे हवे म्हणजे...' असा माझा नेहमीचा प्रयोग जिभेच्या टोकावर तयार होता, काकांच्या आवाजासकट, मानेसकट. इतकी वर्षं नाक्यावर काकांच्या शेजारी उभा राहिलेला मी. मला गुजराती येत होतं. त्या 'हवे'तलं मराठी फक्त तिने ऐकलं होतं.

मी डब्याचं झाकण उघडलं आणि म्हटलं, "नाही विचारलं."