बारा वाजता उघडं दार

कार्ल्सरूहेतल्या आमच्या इमारतीत दुपारी बाराच्या ठोक्याला तळमजल्यावरचं एक दार सताड उघडायचं आणि रेबेकाआजींचं जेवण उरकेपर्यंत तसंच उघडं राहायचं. इथे शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं की लोक आधी घाबरतात. एकदा तर कुणीतरी पोलिसांना बोलावलं. "बंद दाराआड जेवले की घास चोरल्यासारखा वाटतो," असं आजी त्या पोलिसांना समजावत होत्या आणि वर सूप घ्या म्हणून आग्रह करत होत्या.

आजी कॅनडातल्या एका हटराइट वसाहतीत वाढलेल्या. या पंथाचे पूर्वज इकडच्याच जर्मन बोलणाऱ्या मुलखातले. माणसाने जाणत्या वयात, स्वतःहून घेतलेला बाप्तिस्माच खरा, एवढ्याशा हट्टापायी त्यांचा छळ झाला आणि ते देशोधडीला लागले. त्यांच्यात कुणाचं स्वतःचं असं काही नसतं. शेत, गाड्या, स्वयंपाकघर, सगळं सगळ्यांचं. आमची ओळखही त्यातूनच झाली. केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात ठेवलेली आमची तांदळाची पिशवी गायब झाली आणि दुसऱ्या दिवशी आजी पातेलंभर खीर घेऊन दारात उभ्या. "तांदूळ खाली होता ना? मग शिजवला सगळ्यांसाठी." मी चांगलीच चिडले होते, पण खीर चाटूनपुसून संपवली.

डोक्याला त्या अजून ठिपक्यांचा काळा रुमाल बांधत. तो बघून लोक विचारत, तुमच्याकडे वीज होती का, घोडागाडीतून फिरायचात का. "आमचा ट्रॅक्टर तुमच्या दिवाणखान्यात मावला नसता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बायका त्यांचा हात हातात घेऊन म्हणत, बरं झालं सुटलात. एकदा मीही तेच म्हणाले. आजींनी बटाटा सोलायचा थांबवला.

"सगळ्यांना वाटतं मी पळून आले. मी एका माणसाच्या मागे आले गं. घर नावडतं म्हणून नाही."

तो माणूस वसाहतीतली यंत्रं दुरुस्त करायला आलेला जर्मन मेकॅनिक. बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेला शब्द मोडून आजींनी बाहेरच्याशी लग्न केलं होतं. पुढे आईच्या अंत्यविधीला गेल्या, तेव्हा त्यांचं ताट भिंतीकडच्या वेगळ्या टेबलावर वाढलं गेलं, रीतच तशी. सर्वांसमोर क्षमा मागून कायमचं परतलं, तरच पंगतीत जागा. तिथे बायका लांब बाकांवर वयाच्या क्रमाने बसतात. पाठची बहीण आन्ना दर पत्रात लिहायची, मी अजून तुझ्याएवढी जागा सोडून बसते.

नवरा गेल्यावर आजींनी परत जायचं ठरवलं. हृदय थकलेलं, एकटीने प्रवास झेपणार नव्हता. गेल्या मार्चमध्ये त्यांनी मला विचारलं, "पोचवशील मला? त्या बाकावर बसायचंय फक्त." मी म्हटलं, माझं ऑफिसचं काम उरकू दे, लेकीच्या शाळेला सुट्टी लागू दे, मग नक्की नेते.

"गेनाऊ, अगदी बरोबर. टेबल कुठे पळतंय," आजी म्हणाल्या आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. बॅग मात्र भरून दाराशी ठेवली होती. येताजाता मला ती दिसायची.

जूनमध्ये त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि चौथ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. वसाहतीच्या फोनवर मीच आन्नाला कळवलं. त्यांची जुन्या वळणाची जर्मन मला अडखळत समजत होती. त्यांनी एकच विचारलं, शेवटच्या दिवशी रेबेकाबरोबर जेवायला कोण होतं?

त्या दिवशी बाराला मी मीटिंगमध्ये होते. आजींचं ताट न शिवता परत गेलं, हे मला नर्सने नंतर सांगितलं.

"मी होते," मी म्हणाले.

"मग बरं," आन्ना म्हणाल्या. "आता मी सरकून बसते."