डॅनियलकाकांची वाचा

महाडला पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर आमची रविवारची उपासना भरते. माणसं थोडी, पण उपासना संपून चहा फिरायला लागला की एकेक किस्सा निघतो आणि घरी जायचं राहून जातं. त्यातले निम्मे तरी डॅनियलकाका आणि सुमनमावशी या जोडप्याचे. काका महाड-पोलादपूर रिक्षा चालवायचे आणि उपासनेत गाणी म्हणायला पुढे असायचे. एका सकाळी त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, वाचाही गेली. मी शेजारीच राहते, म्हणून पुढचं सगळं जवळून बघितलं.

*

दवाखान्यात आमचे पास्टर धावत आले. काकांच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थनेला लागले. प्रार्थना चांगलीच लांबली. दारात डॉक्टर ताटकळत उभे.

शेवटी मावशी हळूच म्हणाल्या, "पास्टर, देवाला ऐकू गेलं. आता डॉक्टरांना आत येऊ द्या."

*

बऱ्याच महिन्यांच्या स्पीच थेरपीनंतर काकांना पहिला शब्द आला. "नाय."

चहा हवा का विचारलं तरी "नाय", आणि डावा हात कपाकडे. एकदा पास्टर भेटायला आले. म्हणाले, "काका, देवावर भरवसा आहे ना?"

"नाय," काका जोरात म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "अवो, हाय म्हणतायत. सध्या त्यांच्याकडं शब्दच एक हाय."

काका हसता हसता खोकायला लागले.

*

मावशी त्यांना रोज सकाळी चवदार तळ्याच्या कडेनं चालवायच्या. काका पाय ओढत, घामाघूम. एका ओळखीच्या बाईंना बघवेना. म्हणाल्या, "अगो, कशाला त्रास देतेस? आराम करू दे त्यांना."

"आराम स्वर्गात हाय," मावशी म्हणाल्या. "इथं चालायचं."

*

पुढच्या पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं. काकांना खुर्चीसकट उचलून आम्ही गिरणीच्या माळ्यावर नेलं. पाणी ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर चिखल. काकांचे रिक्षा स्टँडवरचे मित्र शांतारामभाऊ कुडपणहून फावडं घेऊन आले. चिखल उपसता उपसता त्यांना राहवलं नाही.

"वयनी, रोज प्रार्थना करताव. आधी मानूस पडला, आता घर बुडालं. तुमचा देव करतोय काय?"

"धीर धरायला शिकवतोय, भाऊ. मी जरा ढ हाय, म्हणून वेळ लागतोय."

नंतर त्या मोरीत जाऊन रडल्या, ते मी ऐकलं. बाहेर आल्या त्या पदर खोचून, आणि पुन्हा खराटा हातात घेतला.

*

यंदा ईस्टरला काका काठी टेकत स्वतः जिना चढून आले. पडले तर धरायला म्हणून मागे शांतारामभाऊ.

पास्टरनी विचारलं, "आभाराची प्रार्थना कोण करणार?"

काका उभे राहिले. मावशी आधाराला पुढे झाल्या, तर त्यांनी हातानंच थांबवलं. आम्ही डोळे मिटले.

"बापा," काका म्हणाले. थांबले. गिरणी बंद होती, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बापा... आभार."

पुन्हा थांबले. कुणी शब्द पुरवला नाही. मग खणखणीत आवाज आला.

"सुमन."

आणि भर प्रार्थनेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मावशींनी उत्तर दिलं, "ओ."

पास्टरनी तिथंच आमेन म्हटलं.