आभाळ दिसणारा मांडव

यंदाही मांडवाच्या सणाला मी छपराला उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं आणलं. त्याचा गोडसर, ओला वास आला आणि मी लहानपणीच्या जुन्नरच्या अंगणात पोचलो.

आम्ही बेने इस्राएली, मराठी ज्यू. या सणात आठवडाभर पाल्याच्या मांडवात जेवायचं आणि देवाचे आभार मानायचे, ही आमची रीत. त्या वर्षी वडील छातीच्या दुखण्यातून नुकतेच उठले होते. मांडव शेजारच्या नामदेवभाऊंनी घातला आणि आजारी माणूस भिजू नये म्हणून वर ताडपत्रीही ताणून बांधली.

"दादा, थेंब गळायचा न्हाई," ते म्हणाले.

वडील दारातूनच म्हणाले, "नामदेव, आमच्या मांडवातून आभाळ दिसलं पाहिजे."

"मग मांडव कशाला, राव? अंगणातच बसा की."

आई म्हणाली, "राहू द्या ताडपत्री. पुन्हा गारठा बाधला तर?"

"सगळा पावसाळा पत्र्याकडं बघत पडलो होतो," वडील म्हणाले. "आभार मानायला तरी डोक्यावर आभाळ असू दे."

नामदेवभाऊ वर चढले. त्यांनी ताडपत्री सोडली, पालाही विरळ केला. चांगला मांडव मोडला म्हणून मी हिरमुसलो. आमच्या घरानं त्या संध्याकाळी काय जिंकलं, ते मला आज कळतं.

वडील कुणाचा हात न धरता अंगण ओलांडून आले. प्याला उचलून त्यांनी, इथवर जिवंत पोचवलंस म्हणून देवाचे आभार मानणारी प्रार्थना म्हटली. आवाज खणखणीत होता. खोकला एकदाही आला नाही.

नामदेवभाऊंनी मान वर केली.

"दिसतंय की, दादा," ते म्हणाले. "चांदणीसुदिक."