अनंतने गाळलेली ओळ

गोव्यातल्या सर्वणचा अनंत गावस खाणीवरच्या ट्रकावर ड्रायव्हर. वडील दोडामार्गाहून पोटासाठी आले नि इथलेच झाले. खनिज भरायला ट्रक लायनीत तासन् तास उभे राहायचे. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे, अनंत केबिनमध्ये बसून नव्या गाण्यांचा एकेक अल्बम चार-चारदा ऐकायचा. ऐकता ऐकता मतं तयार झाली, आणि मतं पोटात ठेवणं काही त्याला जमेना. मग डिचोलीच्या एका साप्ताहिकात तो लिहू लागला. कॉलेजच्या पोरांचा बँड असो की देवळातलं भजनी मंडळ, त्याचं माप सगळ्यांना एकच. हळूहळू लोक त्याचं वाचू लागले, गाणारे थोडे टरकूही लागले.

अशात केरीच्या साईशने मित्रांना घेऊन, बायका रात्री अंगणात नाचत म्हणतात त्या धालोच्या गाण्यांचा अल्बम काढला. गिटार होती, मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं घुमट होतं, आणि मुख्य आवाज चोपड्याच्या शेवंतीबाईंचा. वय सत्तरीच्या पुढे. अनंतला अल्बम आवडला. घुमटाचं तर त्याने परिच्छेदभर कौतुक केलं. फक्त एक ओळ अशी लिहिली: ‘शेवंतीबाईंचा आवाज मशीनमध्ये घालून इतका गुळगुळीत केला आहे, की खरी बाई ऐकूच येत नाही.’ ही ओळ साधल्याबद्दल तो स्वतःवरच खूश होता.

ती ओळ केरी, चोपडे, सगळ्या पेडणे तालुक्यात फोनाफोनी फिरली. साईशने भांडण काढलं नाही. शेवंतीबाईंनी घरी बोलावलंय, एवढाच निरोप धाडला.

रविवारी सकाळी अनंत स्कूटरवरून शिवोलीचा पूल ओलांडून चोपड्याला पोचला. म्हातारी सोप्यावर चिंच सोलत बसली होती. तिने त्याला पाणी दिलं, बसायला लावलं, खाणी सुरू की बंद ते विचारलं. मग म्हणाली, आपल्याला अक्षर येत नाही, तेव्हा काय लिहिलंय ते त्यानेच वाचून दाखवावं.

अनंतने मोबाईल काढला. सुरुवात झोकात केली. घुमटाचा परिच्छेद वाचताना आवाज चांगलाच चढला. मग ती ओळ आली, आणि त्याची जीभ अलगद पुढच्या वाक्यावर गेली.

“एक ओळ रवली,” शेवंतीबाई म्हणाली. हातातली चिंच तिने खाली ठेवली नव्हती. “सुनेन माका तीनदा वाचून दाखवल्यान. वाच.”

अनंतने वाचली. कान तापले होते. नजर वर करायची सोय नव्हती.

शेवंतीबाईने हात पदराला पुसले आणि बसल्या जागी धालोचं एक गाणं सुरू केलं. ना गिटार, ना मशीन. आवाज तसाच निघाला, अल्बममधल्यासारखा, कुठे खरखर नाही की कंप नाही. शेजारणीने कपडे वाळत घालणं थांबवलं. अनंत दोन कडवी मान खाली घालून बसला, तिसऱ्याला त्याची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली.

“चुकलंच माझं, मावशी,” गाणं संपल्यावर तो म्हणाला.

तिने ते ऐकून घेतलं, आणि लगेच आपली तक्रार काढली. अल्बममध्ये घुमट फार वाजतं, गाणाऱ्याला बुडवतं.

“साईशाक धा वेळा सांगलंय, वायच कमी कर म्हणान. ता तू लिवलंस नाय. उलट वाखाणलंस.”

परतताना अनंतने पुलाअलीकडे स्कूटर थांबवून अल्बम पुन्हा ऐकला. म्हातारीचं खरं होतं.

संपादक म्हणाले, दुरुस्ती शेवटच्या पानावर दोन ओळींत देऊ. अनंत अडून बसला. चूक जिथे छापली तिथेच, तेवढ्याच टाईपात ती कबूल व्हायला हवी. अखेर पूर्ण लेख आला, घुमटाबद्दलचं नवं मतही त्यात होतं.

दोन दिवसांनी चोपड्याहून फोन आला. सुनेने लेख वाचून दाखवला होता.

“बरा लिवलंस,” शेवंतीबाई म्हणाली. “पण लांबण लय लावतंस.”

पुढचा लेख अनंतने अर्ध्या पानात संपवला.