परीक्षानळीतला फट्ट आवाज

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. नोकरी हंगामी. दर जूनला संस्थेच्या अध्यक्षांपुढे जाऊन उभं राहायचं. पीएच.डी. झाली की कायम करू, असं त्यांनीच सांगितलं होतं.

झाडाचं पान उन्हाच्या जोरावर पाणी फोडतं. मी त्याचीच नक्कल करत होते: पानातल्या हरितद्रव्यासारख्या बांधणीचा एक रंग, प्लॅटिनमची भुकटी आणि कॉलेजच्या गच्चीवरचं ऊन. हायड्रोजन निघायचा, पण किती? आठवडाभर भांड्याच्या काचेवर बसणारी खाणीतल्या कोळशाची धूळ पुसत बसावं, तेव्हा कुठे एक परीक्षानळी भरायची. भरलेल्या नळ्या मी पाण्यात उपड्या ठेवून जपत होते. नागपूरचे माझे मार्गदर्शक तो वायू तपासायला नेणार होते. सगळा प्रबंध तिथेच अडला होता.

हायड्रोजनला काडी लावली की फट्ट वाजतं, हे अध्यक्षांना कुणीतरी सांगितलं. मग काय, त्यांच्याकडे आलेला पाहुणा चहा झाला की गच्चीवर. आलापल्लीचा सागवानाचा ठेकेदार आला, मग अध्यक्षांचे व्याही आले.

"म्याडम, पाहुण्याइले पाण्याची आग दाखवा न जरा."

"साहेब, तपासणीसाठी ठेवलाय तो."

"मंग अजून बनवजा. पाहुणे का रोज येतेत?"

रोजच येत होते. मी काडी लावायचे, फट्ट व्हायचं, पाहुणे खूश. माझा नुसता संताप व्हायचा, पण जून डोळ्यांपुढे असायचा. शेवटची नळी व्याह्यांच्या नातवासाठी गेली, कारण त्याचा म्हणे आवाज ऐकायचा राहिला होता. तोवर रंग उन्हानं विटला होता आणि नवीन प्लॅटिनम मुंबईहून यायचं होतं.

मार्गदर्शक आले तेव्हा दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनी विचारलं, "वायू निघाला याला पुरावा काय?" मी शेजारीच बसलेल्या अध्यक्षांकडे पाहिलं. "साहेबांनी स्वतः ऐकलंय," म्हटलं, "कितीदा तरी."

अध्यक्षांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. "आवाज त आला होता जी. पण कायचा होता, ते मले का माहीत? म्याडम म्हणे, आमी आयकलं."

मार्गदर्शक हसले. जूनमध्ये माझ्या जागी दुसऱ्याला घेतलं. त्या अध्यक्षाला मी माफ केलेलं नाही, आणि करायचंही नाही.