नाल्यावर लटकलेला गाळा

कापसातली सरकी काढायचं जिनिंग बंद पडलं की त्या जागेवर कॉम्प्लेक्स उभं करायचं, हा त्या वर्षांत वऱ्हाडातला एकमेव तेजीतला धंदा होता. कापसाला भाव नव्हता, गाळ्यांना होता. अकोल्यातलं ते कॉम्प्लेक्स असंच एका बंद जिनिंगच्या आवारात उगवलेलं. तळमजला, वर दोन मजले, आणि पांढऱ्या सफारीतला एक मालक. त्याच्याइतका स्वतःवर खूश माणूस मी दुसरा एकच पाहिला. ते आमचे सर.

अमरावतीत सरांचं नकाशे काढायचं ऑफिस होतं आणि मी तिथे नोकरीला होते. सर मूळचे वरूडचे. पुण्याला सॉफ्टवेअरचा कोर्स करून आले आणि आम्हाला ‘तुम्ही इकडची माणसं’ म्हणायला लागले. ‘मले’चं ‘मला’ झालं होतं, तेवढाच काय तो फरक. अक्कल होती तिथेच होती.

काम महापालिकेसाठी अकोल्यातल्या मोठ्या इमारतींचे मजलेवार नकाशे संगणकात काढायचं होतं. प्रत्येक मजला वेगळा काढायचा आणि मग एकावर एक बसवायचा. बसवताना जी गोष्ट खालपासून वरपर्यंत एकाच जागी असते ती धरायची, म्हणजे जिना. शाळेतल्या पोरालाही हे कळेल. पण आमच्याकडे बांधणारे बहाद्दर. मंजूर नकाशात सगळे मजले सारखे, आणि बांधताना प्रत्येक स्लॅब खालच्यापेक्षा दोन फूट रस्त्यावर पुढे. वर या चोरीला नाव काय, तर ‘एलिव्हेशन’, म्हणजे दर्शनी शोभा!

सरांनी जिना सोडून समोरच्या भिंती जुळवल्या. मालकाने त्यांना जेवायला नेलं होतं, आणि ‘फ्रंट एका रेषेत दिसला पाहिजे’ हे ज्ञान ते तिथूनच घेऊन आले. झालं असं की नकाशात पहिला मजला दोन फूट आणि दुसरा चार फूट मागे सरकला. इमारतीची मागची भिंत नाल्याच्या काठावर आहे. तेव्हा वरच्या मजल्यांचे मागचे गाळे नकाशात थेट नाल्यावर लटकले.

त्यात दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला गाळा चाचांचा होता. चाचा टेलर, सफारी शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मी मोजमापं घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मला चहा पाजला होता आणि टेपचं दुसरं टोकही धरलं होतं. त्या वर्षांत लग्नं साध्या कपड्यांत उरकायला लागली होती, त्यामुळे दोन मशीन आणि तो गाळा एवढंच त्यांच्याकडे राहिलं होतं. नाल्यावरची अतिक्रमणं काढायची मोहीम निघाली आणि आमच्या नकाशावरून चाचांना महापालिकेची नोटीस गेली. सुनावणीला या, नाहीतर गाळा पाडू.

चाचांचा फोन आला. “बेटी, तुमचा नकाशा म्हणते मी हवेत बसून राह्यलो. काहून?”

मी सरांकडे गेले. म्हटलं, जिना पाहा, दर मजल्यावर तुटला आहे. सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “मॅडम, जिना आत असतो. तो कोण बघतंय?”

या वाक्यावर मी आजही हसत नाही. एका माणसाचं पोट बुडत होतं आणि हा गृहस्थ इमारतीचा चेहरा सांभाळत होता. मला त्यांची किळस आली. मी त्याच दुपारी जिना धरून तिन्ही मजले पुन्हा बसवले, पारदर्शक कागदांवर छापून घेतले आणि सुनावणीच्या दिवशी एसटीने अकोल्याला गेले.

सुनावणीला सर होते, मालकही होता. अंगात तीच पांढरी सफारी, चाचांनीच शिवलेली. चाचा दाराशी उभे होते, आणि मालकाने त्यांच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

मी सरांचा नकाशा महापालिकेच्या साहेबांपुढे ठेवला. “साहेब, तुमी त्या कॉम्प्लेक्सचा जिना चढले असान. या नकाशापरमानं चढाचं तर दर मजल्यावर दोन फूट मांगं उडी मारा लागते. तुमी मारली का?”

साहेब हसले नाहीत, पण वाकून पाहायला लागले. मग मी माझे तीन कागद एकावर एक ठेवले. जिन्यावर जिना बसला, मागची भिंत मागच्या भिंतीवर बसली, नाला मोकळा राहिला. आणि समोर दोन मजले सरळ रस्त्यावर आले.

सर पुटपुटले, “संगणकात लेयर हलला असेल.”

मालक म्हणाला, “ते एलिव्हेशन हाये साहेब.”

“एलिव्हेशन कोनाच्या रस्त्यावर हाये?” साहेबांनी विचारलं.

चाचांची नोटीस तिथल्या तिथे रद्द झाली आणि दुसरी मालकाच्या नावाने निघाली. पुढे ती कुठल्या टेबलावर झोपली कोण जाणे, समोरचे मजले आजही रस्त्यावर आहेत. अकोल्याच्या उन्हात लोक त्यांच्या सावलीला उभे राहतात आणि मालक ते पुण्य स्वतःच्या खात्यात धरतो. सरांनी मला ‘टीममध्ये बसत नाही’ म्हणून काढलं. अशा टीममध्ये न बसल्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

काही दिवसांनी चाचांचा पुन्हा फोन आला, गाळ्यातूनच. मागे मशीन चालू होती. मी विचारलं, मालक काही त्रास देतो का?

“आला होता ना. सफारी ढिली करून दे म्हने, पोट पुढं आलं. म्या म्हटलं, पोट नाई शेठ, एलिव्हेशन हाये.”